बेल्ट अडकवायचा कुठे?

नोव्हेंबर 2025 मध्ये भारतात चार कामगार संहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्यापासून घरच्या ग्रुपवर त्यांचीच चर्चा चालू आहे. नाशिकला सातपूरमध्ये माझ्या चुलतभावाची कारखान्याची शेड आहे. तो म्हणतो, कायदे कितीही करा, आपली माणसं उंचीवर चढताना सुरक्षा बेल्टच घालत नाहीत. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि मला हे अजिबात पटत नाही.

पाऊस तोंडावर आला की शेडचे पत्रे बदलायला माणसं वर चढतात. सिमेंटचा जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो. उजेडासाठी मध्ये टाकलेला फायबरचा पत्रा तर धुळीनं इतका माखलेला असतो की वेगळा ओळखूच येत नाही. त्यावर पाय पडला की माणूस थेट खालच्या मशीनवर. बेल्ट दिला तरी हुक अडकवायचा कुठे? पत्रे ज्यावर बसवतात ते लोखंडी आडवे, म्हणजे पर्लिन, पत्र्याच्या खाली, वर धरायला काही नाही. बेल्ट कमरेला आणि दोरी नुसतीच लोंबते. मग पडलेल्यालाच बेफिकीर म्हणायचं, हा अन्याय आहे.

इथे शेजाऱ्याच्या दुमजली घराची थोडी कौलं बदलायची होती, तरी आधी परांची उभी राहिली. कठडा किमान 950 मिलिमीटर उंच, दर सात दिवसांच्या आत तपासणी, तपासणीची तारीख परांचीलाच लावलेली. उंचीवरच्या कामाचे ब्रिटनचे 2005 चे नियम सांगतात: वर न चढता काम होतंय का बघा, नसेल होत तर माणूस पडणारच नाही अशी सोय करा. बेल्टचा नंबर त्यानंतर. एकट्यानं काम करणाऱ्यालाही हे लागू. तरी माणसं मरतातच. 2023-24 मध्ये इथे कामावर 138 जण गेले, त्यातले 50 उंचीवरून पडून.

आपल्याकडच्या चारपैकी कामगारांच्या सुरक्षिततेच्या नव्या संहितेत मात्र दहापेक्षा कमी कामगार असलेलं बांधकाम वगळलं आहे. स्वतःच्या घराच्या कामाला बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात 10 लाखांपर्यंत सूट होती, ती आता 50 लाखांपर्यंत गेली. पत्रे बदलायला येतात तीन-चार माणसं. त्यांच्यासाठी यात काय आहे? ग्रुपवर वाद व्हायला हवा तो यावर.

भावाला मी सांगितलं आहे: कोटेशन मागतानाच खालची जाळी आणि वर चालायच्या फळ्या प्रत्येक ठेकेदाराकडून लिहून घे, म्हणजे ज्यानं त्या धरल्या तोच महाग ठरून बाद होणार नाही.