खुलासा : त्या बेल एअरमध्ये इंजिन होतं

१९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची शेव्हरोले मालिबू यांच्या धडकेचा व्हिडिओ पुन्हा फिरतोय. सोबतचा मजकूर असा : 'जुन्या गाडीचं इंजिन आधीच काढलं होतं, सांगाडा गंजलेला होता. नाहीतर तिनं नवीचा चुराडा केला असता.'

हे खरं नाही. ही धडक म्हणजे मुद्दाम घडवलेली चाचणी होती; ती अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेनं २००९ साली घेतली. बेल एअरमध्ये सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं आणि सांगाडा मजबूत होता. उडालेली तांबूस धूळ पाहून लोकांनी गंजाचा निष्कर्ष काढला.

दोन्ही गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगानं, ड्रायव्हरच्या बाजूनं समोरासमोर आदळल्या. बेल एअरची केबिनच आत दबली, स्टिअरिंग चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर आलं. खरा माणूस वाचला नसता. मालिबूचं नाक चुरगळलं, कारण धक्का तिथंच जिरावा अशीच तिची रचना आहे. केबिन शाबूत राहिली. जुन्या गाडीत सीटबेल्ट नव्हते, एअरबॅग नव्हत्या. जाड पत्रा म्हणजे सुरक्षितता नव्हे.

पंखांसारखे पसरलेले बेल एअरचे मागचे फिन्स आणि थेंबाच्या आकाराचे दिवे मलाही अतिशय देखणे वाटतात. पण कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.