चिठ्ठ्यांचा हिशेब राहून गेला

'द हंगर गेम्स' आणि 'डायव्हर्जंट' या कादंबऱ्यांतल्या मुलांबद्दलच्या लेखात 'एकच भीती वाट्याला आल्यामुळे ही मुलं एकत्र येतात' असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. 'द हंगर गेम्स'मध्ये (2008) दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलांना जीवघेण्या खेळासाठी निवडतात, पण ही भीती सगळ्यांना सारखी वाटून दिलेलीच नाही. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, मग दरवर्षी एक वाढत अठराव्या वर्षी सात. घरात खायला नसेल तर टेसेरा घ्यायचा: एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य-तेल, बदल्यात एक जादा चिठ्ठी. या चिठ्ठ्या रद्द होत नाहीत, साठत जातात. म्हणून सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या 20, तिच्या अठरा वर्षांच्या मित्राच्या, गेलच्या 42 आणि महापौरांच्या मुलीच्या, मॅजच्या फार तर 5. निवडीच्या दिवशी मॅज चांगला फ्रॉक घालून दार उघडते आणि गेल तिलाच टोचून बोलतो. हा खेळ लादणारी राजधानी, कॅपिटल, राहिली लांब, राग निघाला गावातल्याच मुलीवर. टेसेरा गावातल्यांमध्ये अशी फूट पाडण्यासाठीच आहे हे गेलला पक्कं ठाऊक असतं, तरी जीभ आवरत नाही. (सिनेमात मॅज हे पात्रच नाही, त्यामुळे नुसता सिनेमा पाहिलेल्यांना हे कळायचं नाही.)

'डायव्हर्जंट'ची तर लेखात एका ओळीत बोळवण केलीय. तिथे समाज गटांत वाटलेला आणि आपला गट स्वतःच निवडायचा. पण डॉन्टलेस या धाडसी लोकांच्या गटात नवख्यांपैकी पहिल्या दहांनाच जागा, हे निवड झाल्यावर सांगतात. तोवर जुन्या घरी परतायची सोय संपलेली. मग यादीत पहिल्या आलेल्या एडवर्डच्या डोळ्यात रात्री सुरी खुपसली जाते, तीही बरोबर शिकणाऱ्यांकडूनच.