‘युनिकोडमध्ये पुस्तक करू नका’ म्हणे!

‘लेखकांनो, सावधान!’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मजकूर सध्या साहित्यिक गटांमधून फिरतोय. तो मावशीपर्यंत पोहोचला आणि तिने युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप होऊन तयार असलेला आपला कथासंग्रह कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करायला दिला. पानामागे पैसे मोजून! त्या मजकुरातले दावे असे: युनिकोड मोबाइलपुरतं, छपाईत अक्षरं फुटतात, मराठीचा ‘ऱ्य’ त्यात नाहीच, ल आणि श हिंदी वळणाचे येतात, युनिकोडच्या पीडीएफमधून कॉपी केलं तरी अक्षरं फुटतात, म्हणून पुस्तक जुन्या फाँटमध्ये करून पीडीएफ जपावी, तेच ई-पुस्तक, आणि पुढेमागे युनिकोड लागलंच तर जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर एका क्लिकमध्ये काम करतो.

छपाईचं आधी उरकू. छापखान्याच्या यंत्राला युनिकोड कळत नाही, तसं कृतिदेवही कळत नाही. तिथे पीडीएफ जाते आणि तिच्यात अक्षरांचे आकार भरलेले असतात. ॲक्रोबॅटमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फाँट्स असं उघडून प्रत्येक फाँटपुढे ‘एम्बेडेड’ लिहिलेलं दिसलं, की फाँट कुठल्या पद्धतीचा होता याने काही अडत नाही. अक्षरं फुटतात ती त्याआधी, मांडणी करताना. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड येत नाही. त्याची शेवटची आवृत्ती 2001 सालची. ज्यांचा हात अजून त्यावरच बसलाय त्यांनी फुटलेली अक्षरं पाहिली असणार, यात शंका नाही. आजच्या इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही ओळी जुळवणारा नेहमीचा कंपोझर ठेवला तर वेलांट्या भलतीकडे जातात. पॅराग्राफ स्टाइलमध्ये जस्टिफिकेशनखाली कंपोझर ‘वर्ल्ड-रेडी’ करायचा, की अक्षरं जुळतात. तिथेच लेटर स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि त्याचंही खापर युनिकोडवर फुटतं.

‘ऱ्य’ नाही म्हणणाऱ्यांनी युनिकोड प्रमाणाचा बारावा अध्याय उघडून बघावा. देवनागरीच्या नियमांमध्ये पाचवा नियम याच अर्ध्या र चा आहे आणि त्यात मराठीचा नाव घेऊन उल्लेख आहे. नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, मग हलन्त, मग य. एवढंच. साधा र वापरला की रफार होतो आणि ‘आचाऱ्यांना’ जेवण देण्याऐवजी तुम्ही ‘आचार्यांना’ जेवण देता. चूक टाइप करणाऱ्याची असते, लिपीची नव्हे.

ल आणि श बद्दल मात्र अर्धं मान्य करावं लागेल. संगणकावर आपसूक येणाऱ्या बऱ्याच फाँटांमध्ये ते हिंदी वळणाचे दिसतात आणि मराठी डोळ्याला खटकतात. पण पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल तर टीरो देवनागरी मराठीसारखा फाँट फुकट मिळतो आणि त्याचा परवाना छपाईलाही चालतो. काही फाँटांमध्ये दोन्ही वळणं असतात. त्यांच्यासाठी कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा ‘मराठी’ निवडावी लागते, आणि ते करायला कुणालाच आठवत नाही.

आता तो ‘एक क्लिक’. खरं नुकसान याच दाव्याने होतं.

जुन्या फाँटमध्ये मराठी मजकूर साठवलेलाच नसतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, की फाइलीत ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं जातात. ती मराठी दिसतात केवळ फाँटाच्या कृपेने. फाँट काढला की संपलं. म्हणून तर अशा पीडीएफमध्ये शोध चालत नाही आणि अंध वाचकाचं वाचन-सॉफ्टवेअर तुमची कथा ‘ई जे के बी एच’ अशी वाचून दाखवतं.

कन्व्हर्टरला या रोमन अक्षरांवरून मराठी उभं करायचं असतं. कुठल्या रोमन अक्षराचं कुठलं मराठी अक्षर हा कृतिदेवचा तक्ता श्रीलिपीला चालत नाही, तेव्हा मुळात फाँट कुठला होता हे माहीत हवं. तक्ता बरोबर असला तरी क्रमाचा घोळ राहतो. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. म्हणजे वेलांटी पूर्ण जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यायला हवी. अर्धवट कन्व्हर्टर एकच अक्षर ओलांडतो आणि वेलांटी मधेच अडकते. रफाराचं उलट. जुन्या पद्धतीत तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये आधी. तो मागे नेला नाही की ‘दर्शन’चं ‘दशर्न’ होतं. हे ‘दशर्न’ मराठी संकेतस्थळांवर तुम्ही कितीतरी वेळा पाहिलं असेल. ते येतं इथून.

ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी जास्त वाईट. जुन्या फाँटमध्ये ‘आ’ म्हणजे अ आणि काना अशा दोन कळा. कन्व्हर्टरने त्या तशाच ठेवल्या, तर डोळ्याला ‘आ’ दिसतो, मुद्रितशोधनात सुटतो, पण ‘आई’ शोधलं तर पुस्तकात एकही आई सापडत नाही. मजकुरात मधे इंग्रजी शब्द असतील तर त्यांचाही बळी जातो: मूळ फाइलीत त्यांचं वेगळेपण फक्त फाँटवरून कळत होतं, कन्व्हर्टरच्या चौकटीत पेस्ट केल्यावर ती खूण पुसली जाते आणि इंग्रजी नावाचा निरर्थक देवनागरी लगदा होतो. अडीचशे पानांत हे हाताने निस्तरणं म्हणजे एक क्लिक?

‘पीडीएफ म्हणजेच ई-पुस्तक’ हे तर धडधडीत खोटं. पीडीएफ हे छापील पानाचं चित्र आहे, मोबाइलवर बोटांनी मोठं करत वाचायचं. ई-पब या खऱ्या ई-पुस्तकाच्या फाइलीत युनिकोड मजकूरच लागतो. तो पडद्याप्रमाणे वाहतो, अक्षर लहानमोठं होतं. किंडलवर मराठी पुस्तकं 2016 पासून आहेत. आणि हो, युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही मजकूर कॉपी केला तर अक्षरं फुटू शकतात, हे त्या फॉरवर्डातलं वाक्य बरोबर आहे. पण त्यातून निष्कर्ष निघतो तो ‘पीडीएफवर विसंबू नका’ हा. यांनी नेमका उलटा काढलाय.

मग जपायचं काय? शेवटच्या प्रुफातल्या दुरुस्त्या मांडणीच्या फाइलीतच होतात, त्यामुळे तुमच्याकडची वर्ड फाइल तोवर शिळी झालेली असते. पुस्तक छापायला गेलं त्याच दिवशी ऑपरेटरकडून इनडिझाइनचं पॅकेज (मांडणीची फाइल, फाँट आणि चित्रं एकत्र) आणि त्यातून एक्सपोर्ट केलेला युनिकोड मजकूर मागून घ्या. पानांच्या चौकटी एकमेकींना जोडलेल्या नसतील तर प्रत्येक चौकटीची वेगळी फाइल निघते, म्हणून चौकटी जोडून घ्यायला काम सुरू होतानाच सांगा. पैसे चुकते करण्याआधी मागितलं तर मिळतं.

आणि ज्यांच्याकडे जुन्या पुस्तकाची फक्त पीडीएफ उरली आहे, त्यांनी कन्व्हर्टरच्या नादी लागण्याऐवजी पानांच्या 300 डीपीआयच्या प्रतिमा करून टेसरॅक्टसारख्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढून बघाव्यात. त्यात मराठी आहे आणि ते फुकट आहे. ओसीआरही चुका करतोच. ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’, अनुस्वार आणि रफार यांवर खास नजर ठेवून छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहायला माणूस बसवावाच लागतो.