गाळ्याची दुरुस्ती आणि घरपट्टीतील सवलत : इच्छुकांसाठी मार्गदर्शन

खडेबाजारात, गणपत गल्लीत किंवा शहापुरात आपला लहानसा गाळा असेल, त्याची मंगळुरी कौले गळू लागली असतील आणि दुरुस्तीपुरते दुकान बंदच राहणार असल्याने त्या काळाच्या घरपट्टीत काही सूट मिळावी, अशी निरागस इच्छा आपल्या मनात आली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. इतका आशावादी मनुष्य बेळगावच्या बाजारपेठेत अजून तग धरून आहे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

अर्जात कारण लिहिताना ‘दुकान बंद, उत्पन्न नाही’ असे चुकूनही लिहू नये. घरपट्टी ठरते ती जागेचे मूल्य, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, इमारतीचे वय आणि वापर यांवरून. गल्ल्यात किती पडले, हे तेथे कोणी विचारत नाही. तेव्हा काहीच पडले नाही, हे सांगण्याची सोय तरी कोठून असणार?

गाळा रिकामा असल्याचा पुरावा म्हणून हेस्कॉमचे वीजबिल जोडण्याचा मोह होईल. मात्र सुताराचे कटर, गवंड्याची पाण्याची मोटर आणि फरशी घासण्याचे यंत्र ही सारी त्याच मीटरवर चालतात, त्यामुळे दुकान चालू असताना येत नव्हते एवढे बिल दुकान बंद असताना येते. कागदोपत्री आपला धंदा दुरुस्तीच्या काळातच भरभराटीला आलेला दिसेल. व्यापार परवान्याचेही तसेच आहे : नूतनीकरण केले तर आपण व्यापार करीत आहात आणि न केले तर पुढे विनापरवाना दुकान उघडणार आहात. यांपैकी कोणता अपराध परवडतो, ते आपण घरच्यांशी बोलून ठरवावे.

खरी काळजी छपराची घ्यावी. कौले उतरवून स्लॅब टाकला की बांधकामाचा प्रकार बदलतो. जुन्या भिंती पाडून नव्या उभारल्या की वयापोटी मिळणारी घसाऱ्याची वजावट त्या भिंतींबरोबरच जमीनदोस्त होते. आणि माल ठेवायला जरासा पोटमाळा काढला, तर तो क्षेत्रफळात शिरण्याची शक्यता असते. स्वयंमूल्यांकन पद्धतीत हे सारे आपणच आपल्या हाताने भरून द्यायचे असते, म्हणजे ‘सवलत हवी’ म्हणत गेलेला दुकानदार वाढीव कराचा तक्ता स्वतःच्या सहीने सादर करून परततो. सवलतीवरच मन जडले असेल, तर गाळा गळत ठेवणे हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय आहे. आषाढात दोन बादल्या पुरतात.

कोणी शहाणा इंग्लंडचा दाखला देईल. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, संडरलंड येथील नूतनीकरणासाठी आतून पूर्ण मोकळ्या केलेल्या कार्यालयाचे करयोग्य मूल्य नाममात्र एक पौंड धरणे मान्य केले, हे खरे आहे. तो दाखला अर्जाला अवश्य जोडावा, फक्त कानडी भाषांतरासह; त्यानिमित्ताने भाषांतर करणाऱ्याचे तरी उत्पन्न वाढेल.

निर्णय होईपर्यंत कर रोखून धरण्याचा बाणेदार मार्गही काही जण सुचवितात. नियम असा आहे, की वर्षाच्या आरंभी, म्हणजे साधारणपणे एप्रिलमध्ये, पूर्ण कर भरल्यास ५ टक्के सूट मिळते आणि जूननंतर दरमहा २ टक्के दंड चढतो. पहिल्या सुटीसाठी छप्पर असण्या-नसण्याची अट नाही, दुसऱ्यासाठी बाणेदारपणा पुरेसा आहे.

पैसे भरण्यापूर्वी चलन नीट वाचावे, कारण मूळ करावर आरोग्य आणि ग्रंथालय उपकरांच्या जोडीला ३ टक्के भिक्षुक उपकरही असतो. भिंत पडलेल्या, माल गोदामात आणि उधारी गिऱ्हाइकांत अडकलेल्या दुकानदाराला त्याचे लाभार्थी होता येईल का, अशी चौकशी खिडकीवर करू नये. आपली नोंद तेथे दात्यांमध्ये झालेली असते.