‘कार्ड मागितलं, एसएमपीएस गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डोंबिवलीहून ३० हजारांचं बजेट घेऊन तुम्ही लॅमिंग्टन रोडला आलात, आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड मागितलं, आम्ही त्याऐवजी आरएक्स ६६०० दिलं आणि सोबत नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ‘गळ्यात मारला’. रॅमचा भाव महिन्याभरापूर्वी सांगितला त्याहून बराच जास्त लावला, म्हणून ती तुम्ही बाहेरून घेतली. आणि एवढं करून व्हॅलोरंट या गेममध्ये एफपीएस (सेकंदाला दिसणारे फ्रेम) होते तिथेच आहेत. हेच कार्ड ऑनलाइन १,२०० रुपयांनी स्वस्त होतं आणि आम्ही मार्जिनसाठी गिऱ्हाइकाला फिरवतो, असंही तुम्ही लिहिलंय.

साठवलेल्या पैशातून पीसी अपग्रेड करणाऱ्याला असं वाटणं किती त्रासाचं असतं ते मला कळतं. म्हणून एका ओळीत आभार मानून विषय संपवत नाही.

आधी एसएमपीएसबद्दल, कारण तुमचा सगळा राग त्याच्यावर आहे आणि माझा सगळा आग्रहही त्याच्यावरच होता. तुमच्या कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलंय. तुमच्या समोरच आम्ही बाजूचं झाकण उघडून त्याचं लेबल वाचलं. १२ व्होल्टच्या लाइनवर १८ अँपिअर. गुणाकार केला की २१६ वॅट होतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच लाइनमधून घेतात, त्यामुळे गेमिंग पीसीसाठी खरा आकडा तो. तुमच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत जातो. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात. दोन्ही मिळून २२० झाले, आणि त्यात अजून मदरबोर्ड, हार्ड डिस्क, पंखे धरलेलेच नाहीत.

तुम्ही तेव्हा म्हणालात की ४०६० फक्त ११५ वॅट घेतं. बरोबर आहे. पण ८८ आणि ११५ मिळून २०३ होतात, आणि गेम सुरू असताना कार्ड क्षणभर त्याच्या ठरलेल्या आकड्याच्या वर उडी मारतं. म्हणजे ४०६० घेतलं असतं तरी एसएमपीएस बदलावाच लागला असता. शिवाय तुमच्या जुन्या एसएमपीएसला कार्डासाठीची ८ पिनची वायरच नव्हती. तुमचं जुनं जीटीएक्स १६५० कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट घेऊन चालायचं, म्हणून इतकी वर्षं ते जाणवलं नाही. हार्ड डिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर जोडून काम भागवता येतं, काही जण तसं करतातही. मी करत नाही. वितळलेले कनेक्टर दुरुस्तीच्या टेबलावर पाहिलेत, आणि अशा वेळी बऱ्याचदा एकटा एसएमपीएस जात नाही, सोबत मदरबोर्डही जातो. त्या एसएमपीएसवर नवं कार्ड लावून द्यायला मी आजही नकारच देईन, गिऱ्हाईक निघून गेलं तरी.

आता कार्ड. आरटीएक्स ४०६० हे आरएक्स ६६०० पेक्षा वेगवान आहे, त्यात डीएलएसएस (एआयच्या मदतीने फ्रेम वाढवणारी सोय) आहे, हे मी काउंटरवरही सांगितलं होतं. पण त्या दिवशी त्याचा भाव २९ हजारांच्या घरात होता. म्हणजे एसएमपीएसला पैसे उरत नव्हते आणि रॅमलाही नाही. तुमची रॅम होती ८ जीबी, तीही एकच स्टिक. ८ जीबीच्या एका स्टिकवर ४०६० लावलं असतं तर नवे गेम अडखळतच राहिले असते आणि त्याचा दोष तुम्ही कार्डाला दिला असता. आरएक्स ६६०० २१ हजारांत बसलं, एसएमपीएस ४ हजारांत, आणि रॅमसाठी पैसे हातात राहिले. मार्जिनचंच बघायचं असतं तर २९ हजारांचं कार्ड विकून तुम्हाला वाटेला लावणं आम्हाला सोपं होतं.

जाता जाता इतरांसाठी एक सांगतो. याहून स्वस्त म्हणून बरेच जण आरएक्स ६५०० एक्सटी मागतात. बी४५० सारख्या जुन्या मदरबोर्डवर मी ते सुचवत नाही. ते कार्ड मदरबोर्डशी जोडणाऱ्या फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं, आणि बी४५० वर त्या पीसीआयई ३.० च्या जुन्या, कमी वेगानेच चालतात. त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की कार्ड गुदमरतं. आरएक्स ६६०० मध्ये आठ लेन आणि ८ जीबी मेमरी आहे, त्यामुळे जुन्या बोर्डवरही ते नीट चालतं.

व्हॅलोरंटबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण तुमची खरी निराशा तिथे आहे. हा गेम साध्या कार्डावरही चालावा असाच बनवलेला आहे. त्यात कार्डाला फारसं काम नसतं, जास्तीचे फ्रेम प्रोसेसर आणि रॅमकडून येतात. तुम्ही सायबरपंक किंवा फोर्झासारखा जड गेम लावून बघा, १६५० आणि ६६०० मधला फरक लगेच दिसेल. आणि कुठलाही गेम सुरू असताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर बघायची सवय लावा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. तो पन्नास-साठवरच रेंगाळतोय आणि फ्रेम वाढत नाहीत, तर अडचण प्रोसेसर किंवा रॅममध्ये आहे, तिथे कितीही महाग कार्ड लावलं तरी उपयोग होत नाही. कमी बजेटमध्ये अपग्रेड करणाऱ्या प्रत्येकाने काहीही विकत घेण्याआधी हे एकदा करावं, असं मी मनापासून सांगतो.

रॅम तुम्ही घरी स्वतः बसवली, असं तुमच्या रिव्ह्यूवरून दिसतं. मला शंका तिथे आहे. तुमच्या मदरबोर्डला चार स्लॉट आहेत. दोन्ही स्टिक शेजारी-शेजारी लावल्या तर त्या एकाच चॅनलवर (डेटाच्या एकाच वाटेवर) जातात आणि १६ जीबी दिसत असूनही वेग जुनाच राहतो. प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. मग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा. ते बंद असलं तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालते. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर वेग दिसतो. दोन्ही स्टिक वेगवेगळ्या वेगाच्या असतील तर कमी वेगाची स्टिकच दोघींचा वेग ठरवते. व्हॅलोरंटमध्ये रायझनवर या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो नव्या कार्डाने पडत नाही.

आणि मॉनिटर. तुमचा १४४ हर्ट्झचा आहे असं तुम्ही म्हणाला होता. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर अडकलेला नाही ना, ते बघा. कार्ड बदलल्यावर असं बऱ्याचदा होतं, आणि मग कितीही फ्रेम निघाले तरी डोळ्यांना साठच दिसतात.

रॅमच्या भावाबद्दल: आधी सांगितलेला भाव आणि आजचा भाव यात मोठा फरक आहे, हे खरं आहे. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली आणि डीडीआर४ चं, म्हणजे तुमच्या पीसीत लागणाऱ्या रॅमचं, उत्पादन कमी केलं. आम्हाला माल ज्या भावाने मिळतो तो आठवड्याला बदलतोय. रॅमचं कोटेशन त्याच दिवसापुरतं असतं, हे आम्ही प्रत्येक कोटेशनवर लिहून देतो.

ऑनलाइनच्या १,२०० रुपयांवर वाद घालत नाही. तिथे कधी कधी आमच्यापेक्षा स्वस्त मिळतं. आमच्याकडे १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल मिळतं, त्यावर सिरियल नंबर असतो, आणि वॉरंटीत काही झालं तर कार्ड सर्व्हिस सेंटरला नेऊन आणण्याचं काम आमचा माणूस करतो. हे कुणाला नको असेल तर त्याने जरूर ऑनलाइन घ्यावं.

पुढचा खर्च कराल तेव्हा तो प्रोसेसरवर करा. रायझन ५ ५६०० तुमच्या याच मदरबोर्डवर बसतो, बोर्ड बदलायची गरज नाही. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट करायला हवं, आणि ते सुरू असताना वीज जाता कामा नये. डोंबिवलीत पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो, तेव्हा घरी यूपीएस नसेल तर आमच्याकडे करून घ्या. त्याचे पैसे घेणार नाही.

रॅमचे स्लॉट आणि एक्सएमपी तपासूनही फ्रेम वाढले नाहीत तर कॅबिनेट घेऊन या, तुमच्या समोर बसून बघू. रविवारी बंद असतं. इतर दिवशी दुपारी चारच्या आधी आलात तर गर्दी कमी असते. निघण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा आणि ते वेगळ्या पिशवीत आणा. दादरला गाडी बदलताना धक्का बसला तर कार्डाच्या वजनाने स्लॉट तुटतो, आणि ते वॉरंटीत येत नाही.