अंजिराचा लेप आणि मावशीच्या गोळ्या

मावशीनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात हे मला कळलं नवव्या दिवशी. तेही ती चक्कर येऊन भिंतीला धरून बसली म्हणून. विचारलं तर तिनं फोन पुढे केला. "तूच वाच. सगळं वचनातलंच आहे."

वाचलं. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' असा शिक्का असलेला लांबलचक मेसेज, त्यात पाच मुद्दे. एक, 'भिऊ नको' हे शब्द पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, बरोबर 365 वेळा येतात, दिवसाला एक. दोन, 118वं स्तोत्र हा बायबलचा नेमका मध्य. अलीकडे 594 अध्याय, पलीकडे 594. तीन, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 53:5 (53वा अध्याय, 5वं वचन) प्रमाणे आरोग्य आपल्याला मिळून चुकलंय, तेव्हा औषध घेणं म्हणजे येशूच्या वधस्तंभावर अविश्वास. चार, देवाच्या अभिषिक्ताचं, म्हणजे देवानं नेमलेल्या सेवकाचं, बोलणं पारखू नये. पाच, हा मेसेज पुढे न पाठवणारा ख्रिस्ताला नाकारतो.

पहिले दोन पटकन उरकतो. कुठलंही भाषांतर घ्या आणि मोजा, 'भिऊ नको' 365 वेळा भरत नाही. 'घाबरू नका', 'धीर धरा', 'खचू नका' असं सगळं एका पोत्यात भरलं तर आकडा हवा तिथे नेता येतो, ती गोष्ट वेगळी. आणि लीप वर्षात एक दिवस भ्यायचं की काय?

मध्याचं गणितही चुकलेलं. 118व्या स्तोत्राच्या आधी 595 अध्याय आहेत. प्रॉटेस्टंटांच्या 66 पुस्तकांच्या बायबलात 1189 अध्याय, त्यांचा मध्य 117वं स्तोत्र. तोच सगळ्यात लहान अध्याय आणि 119वं स्तोत्र सगळ्यात मोठा, एवढं मेसेजात खरं आहे, ते मान्य. पण अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. मूळ लेखकांनी अध्याय पाडलेच नव्हते. कॅथलिकांचं 73 पुस्तकांचं बायबल उघडलं की मध्यही सरकतो. यानं कुणाचं काही बिघडत नाही. मला खटकतं ते एवढंच, की ज्याला साधी बेरीज तपासावीशी वाटली नाही, त्याच्या हातून पुढचा मुद्दा लिहिला गेलाय.

आणि पुढचा मुद्दा गोळ्यांचा आहे.

'त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.' वचन खरं, माझ्याही जिवाभावाचं. पण त्याच ओळीच्या पहिल्या भागात अपराध आणि दुष्कर्मं आहेत, आणि येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (2:24) हे शब्द घेतो तेव्हा तोही पापाबद्दलच बोलतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (8:17) मात्र याच अध्यायातलं आदलं वचन आजार बरे करण्याला लावलंय, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. देव शरीरही बरं करतो. प्रश्न तो नाहीच. औषध टाकून द्या, हे त्या वचनात कुठे आहे?

यशयालाच विचारू. 53व्या अध्यायापासून पंधरा अध्याय मागे या. हिज्कीया राजा मरणाला टेकलाय. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो. देव उत्तर देतो: तुझी प्रार्थना ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुझं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवतो. मेसेज लिहिणाऱ्याच्या हिशेबानं गोष्ट इथे संपायला हवी. पण 38:21 मध्ये यशया म्हणतो, अंजिरांची ढेप आणा आणि गळवावर बांधा, म्हणजे राजा बरा होईल. दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या 20व्या अध्यायातही हे आहे. देवाचा शब्द मिळाल्यानंतर लेप लावलाय, आणि तो लावायला सांगणारा खुद्द तो संदेष्टा आहे ज्याच्या नावाच्या पुस्तकातलं वचन दाखवून माझ्या मावशीच्या गोळ्या बंद केल्या. आता यशयाचाही वधस्तंभावर अविश्वास ठरवायचा का?

मेसेजात आसा राजाचा दाखलाही आहे: पायांचा रोग झाला, तो वैद्यांकडे गेला आणि मेला. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाचा 16वा अध्याय नीट वाचा. परमेश्वराला न विचारता त्यानं फक्त वैद्यांचा धावा केला, असं तिथे आहे. त्याच अध्यायात त्यानं मंदिरातलं सोनंरुपं अरामाच्या राजाला पाठवून मदत विकत घेतलीय आणि त्याबद्दल बोलणाऱ्या द्रष्ट्याला तुरुंगात टाकलंय. दोष या पाठ फिरवण्याला आहे, वैद्याला नाही.

येशूनं बरं केलेल्या रक्तस्रावाच्या बाईचं घ्या. वैद्यांपायी पैसा गेला आणि दुखणं वाढलं, असं मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो; खरंच लिहितो. (हीच गोष्ट सांगताना लूक 'दुखणं वाढलं' हे गाळतो. पेशानं वैद्य ना!) त्या लूकला प्रेषित पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो, 'अविश्वासी लूक' नव्हे. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन ठेवले तरी आजारी बरे होत, तोच पौल तीमथ्य या सहकाऱ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि त्रफिम या सोबत्याला मिलेत शहरात आजारीच सोडून पुढे जातो. विश्वास कमी पडला म्हणून त्रफिमाची कानउघाडणी केल्याचं कुठे नाही.

वचनाचा तुकडा उचलून कुणाला धोक्यात ढकलायचं, हा प्रकार जुना आहे. मंदिराच्या शिखरावर सैतान येशूला 91वं स्तोत्र म्हणून दाखवतो: उडी टाक, देवदूत झेलतील. वचन शब्दशः शास्त्रातलं, फक्त 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढे शब्द वगळलेले. येशू त्याला शास्त्रानंच उत्तर देतो: देवाची परीक्षा पाहू नको. गोळ्या फेकून 'आता देव काय ते बघेल' म्हणणं त्या उडीपेक्षा वेगळं कसं, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

चौथा मुद्दा याच्यावर घातलेलं झाकण आहे. कुणी प्रश्न विचारू नये म्हणून. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे 105व्या स्तोत्रातलं. तिथे विषय अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे: संख्येनं मूठभर, परक्या देशात भटकणारे. आणि दटावलंय ते राजांना. म्हणजे बलवानांनी दुबळ्यांना छळू नये म्हणून असलेलं वचन आज व्यासपीठावरच्या माणसाच्या बचावाला लावतात. बिरुया गावच्या लोकांनी पौलाचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहिलं, तर लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पौल स्वतः सांगतो, 'सर्व गोष्टींची पारख करा. चांगले ते बळकट धरा.' अंत्युखिया शहरात त्यानं पेत्राला तोंडावर विरोध केला. पेत्रापेक्षा मोठा अभिषिक्त कोण आहे, त्याचं नाव मेसेजात दिलेलं नाही.

पाचव्याबद्दल काय बोलायचं! मत्तय 10:33 मध्ये लोकांसमोर, छळाला तोंड देताना नाकारण्याची गोष्ट आहे. बोट स्क्रीनवर फिरवण्याची नाही.

मावशीशी मी वाद घातला नाही. तिचंच बायबल तिच्या पुढ्यात ठेवलं आणि यशया 38 काढून दिला. तिनं चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग 53वा वाचला, मग परत 38वा. "हे त्याला दिसलं नसेल का रे?" एवढंच विचारलं. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी तपासायला बोलावलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. प्रार्थना तिनं थांबवलेली नाही, थांबवावी असं मी म्हटलंही नाही.

पण हा मेसेज तिनं स्वतः सात जणींना पाठवला होता. आता एकेकीला फोन करून यशया 38 उघडायला सांगतेय. चौघींशी बोलणं झालं. पाचवीला साखरेचा त्रास आहे आणि ती कालपासून फोन उचलत नाही.