महिन्यात दहा किलो वाढवून देणाऱ्या मेसेजला उत्तर

‘लोक काडीपैलवान म्हणतात? ३० दिवसांत १० किलो वजन वाढवा, खात्रीशीर!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सोसायटीच्या, कॉलेजच्या, ऑफिसच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला सल्ला थोडक्यात असा: बारीक माणसाच्या अंगाला साधं जेवण लागतच नाही, म्हणून रोज डझनभर केळी दुधातून घ्या, तेलकट-गोड मिळेल ते खा, व्यायाम बंद ठेवा, मांस किंवा डब्यातली पावडर घेतल्याशिवाय स्नायू बनत नाहीत, तरीही जमलं नाही तर भूक वाढवणारी गोळी घ्या. आणि शेवटी, ‘डॉक्टरकडे जायची गरज नाही, बारीक असणं हा काही आजार नव्हे.’

मी दादरला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा मेसेज मोबाईलवर दाखवत माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं-मुली विशीतली असतात. ‘घरी खायला देत नाहीत का?’ हे त्यांनी नातेवाइकांकडून असंख्य वेळा ऐकलेलं असतं. लग्नाच्या बोलण्यांत ‘फारच किरकोळ आहे’ म्हणून नकार आलेला असतो. जाड्या माणसाला तोंडावर बोलताना लोक निदान दोनदा विचार करतात, बारक्याला मात्र कोणीही काहीही बोलतं. ही मुलं या मेसेजवर विश्वास का ठेवतात ते मला कळतं, आणि म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला दावा, ३० दिवसांत १० किलो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. दहा किलोंसाठी ७७,००० लागतील, म्हणजे नेहमीच्या जेवणावर रोज अडीच हजारांहून अधिक. जितकं एरवी दिवसभरात खाता, जवळपास तितकंच पुन्हा, तेही महिनाभर रोज. ते जमत नाही, आणि जमवलंच तर वाढेल ती चरबी, कारण स्नायू इतक्या वेगाने बनत नाहीत. रोज ३०० ते ५०० किलोकॅलरी जास्त आणि आठवड्याला पाव ते अर्धा किलो, हा वेग झेपतो आणि वाढलेलं वजन टिकतं.

‘साधं जेवण अंगाला लागत नाही’ यात अर्धं तथ्य आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १६ जणांना आठ आठवडे रोज १,००० किलोकॅलरी जास्त खाऊ घातल्या. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच्या अंगावर जेमतेम ०.३६ किलो चरबी चढली, दुसऱ्याच्या ४.२३ किलो. ज्यांची कमी वाढली ती माणसं नकळत जास्त हालचाल करत होती: उठबस, चुळबुळ, येरझाऱ्या. तेव्हा माणसामाणसांत फरक असतो, हे खरंच. पण ‘मी भरपूर खातो’ म्हणणाऱ्याचा दिवस लिहून काढला की वेगळंच दिसतं. बदलापूरहून येणाऱ्या एका मुलाचा दिवस असा होता: सकाळी सहाला चहा-बिस्कीट, दीड वाजता डब्यातल्या दोन पोळ्या आणि भेंडीची भाजी, मध्ये तीन कटिंग, संध्याकाळी सीएसएमटीला एक वडापाव, आणि रात्री दहाला दमून भात-आमटी. पोटभर खाल्ल्याचं समाधान त्याला होतं, कारण जेवताना ताट खरंच भरलेलं असायचं. पण अधले तासच्या तास रिकामे जात होते आणि प्रत्येक कटिंग भूक मारत होता.

त्याला मी नवीन पदार्थ जवळपास दिलेच नाहीत. सकाळी पेलाभर साईचं दूध आणि दोन अंडी. बॅगेत डबीभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा. साधारण ५० ग्रॅम दाणे म्हणजे सुमारे २८० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, शिवाय लोकलमध्ये उभ्या-उभ्या खाता येतात. भेंडीच्या जागी आठवड्यातून चार दिवस मटकी किंवा चवळीची उसळ, पोळीला चमचाभर तूप, रात्री वाटीभर दही. चहा जेवणानंतर, जेवणाआधी नाही. दूध आणि दाणे एवढ्यावरच रोजच्या चार-साडेचारशे किलोकॅलरी वाढतात.

डझनभर केळ्यांचं काय? केळं चांगलंच आहे, व्यायामानंतर एक-दोन जरूर खा. पण बारा केळ्यांत मिळून प्रथिनं १५ ग्रॅमही भरत नाहीत, आणि पोट असं गच्च होतं की पुढच्या जेवणावर वासना राहत नाही.

‘तेलकट-गोड मिळेल ते खा’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला, कारण काट्यावर तो यशस्वी दिसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडचा सडपातळ माणूस आतून चरबीचा असू शकतो, आणि ती चरबी पोटाशी साठली की मधुमेहाचा धोका वाढतो. हातपाय काड्या आणि पोट तेवढं पुढे, अशी तिशीतली माणसं लोकलच्या कुठल्याही डब्यात दिसतील. त्यांच्या वजनात पाच किलो आणखी घालून काहीच कमावलं जात नाही. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबावर चढणारी पोरं पाहा. काट्यावर ती हलकीच भरतील, पण दंड-खांदे बघत राहावे असे.

म्हणूनच ‘व्यायाम केला तर आणखी वाळाल’ हे साफ चूक आहे. वाळवतो तो रोजचा तासभर धावण्यासारखा व्यायाम, तोही खाणं न वाढवता केला तर. जोर, बैठका, डंबेल, बारला लटकून स्वतःला वर ओढणं, हे आठवड्यातून तीनदा केलं तर जास्तीचं अन्न स्नायूंकडे वळतं. अट एकच, भार हळूहळू वाढला पाहिजे. १२ जोर सहज जमायला लागले की पाय खुर्चीवर ठेवून मारा. बैठका सोप्या वाटल्या की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्या. वर्षभर तेच २० जोर मारत राहिलात तर शरीरही तिथेच राहतं. आणि सात-आठ तास झोप हवीच. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला ती मिळवणं अवघड आहे, हे मान्य, पण रात्री मोबाईलवर जाणारा तास तरी परत घेता येतो.

मांस आणि पावडरीचा मुद्दा लवकर संपतो. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ८० ग्रॅम. वर सांगितलेल्या जेवणात वाटीभर घट्ट वरण आणि मूठभर सोयाबीन वड्या घातल्या की तो आकडा जवळपास गाठला जातो. अंडी नको असतील तर पनीर. मासे खाणाऱ्यांना तर मुंबईत चिंताच नको, १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. वजन वाढवायच्या ‘मास गेनर’ पावडरीच्या डब्यांत बहुतेकदा सर्वांत जास्त असते ती माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी स्वस्त पूड.

आता गोळी. भूक वाढवायला सर्रास दिली जाते ती सायप्रोहेप्टाडिन, मूळची ॲलर्जीची. तिने गुंगी येते. दारात लटकून प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. दुसरी डेक्सामेथासोन, हे स्टेरॉइड आहे. त्याने अंगात पाणी साठतं, चेहरा गोल होतो, साखर वाढते, स्नायू उलट झिजतात, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. एका मुलीने वजन वाढवायची पुडी मला आणून दाखवली होती. खाकी पावडर, वर नुसता स्टिकर, ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना बॅच नंबर. तिचे गाल सुजल्यासारखे फुगले होते आणि मनगटं होती तेवढीच बारीक. अशी पुडी घेत असाल तर लाजू नका आणि ती मनाने बंदही करू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा.

राहिला शेवटचा दावा, डॉक्टरची गरज नाही. बीएमआय १८.५ च्या खाली असेल (१७० सेंटिमीटर उंचीला साधारण ५३ किलो), तर एकदा तपासून घ्यायलाच हवं. लहानपणापासून सडपातळ असणं वेगळं, आणि न ठरवता वजन उतरणं वेगळं. ६० किलोच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलो आपोआप गेले, तर मागे थायरॉइड, मधुमेह किंवा आतड्याचा आजार असू शकतो. नैराश्यही असू शकतं, किंवा जेवणाचीच भीती बसलेली असू शकते. आणि मुंबईत सर्वांत आधी विचार करायचा तो क्षयरोगाचा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा कणकणीसारखा ताप, रात्री घाम, यांतलं काही असेल तर शेंगदाण्यांचा हिशोब नंतर. आधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा, तिथे तपासणी आणि औषधं मोफत आहेत. उपचार सुरू झाले की निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिना १,००० रुपये मिळतात, त्यासाठी बँक खात्याचा तपशील सोबत न्या. घरात कुणाला फुफ्फुसाचा क्षय असेल तर बाकीच्यांच्या ताटाकडेही बघा. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबांना जादा शिधा दिला, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षयरोग सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे.